लॉगिनचा पडदा येतो, पण आत जाता येत नाही: नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या संगणकांचा अनुभव

आमच्या संगणक खोलीतल्या एकाही यंत्रात हार्ड डिस्क नाही. बटण दाबलं की यंत्र नेटवर्कवर पत्ता मागतं, सर्व्हरकडून कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि प्रणालीची इमेज, म्हणजे तयार प्रत, घेतं आणि थोड्या वेळात लॉगिनचा पडदा दाखवतं. हे सगळं एलटीएसपीवर, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टवर चालतं. गेल्या महिन्यात जुना सर्व्हर काढून नवा बसवला गेला. त्यानंतर यंत्रं नीट सुरू होत होती, पडदाही दिसत होता, पण बहुतेकांना आत जाताच येत नव्हतं. सगळं सुरळीत व्हायला महिना सरत आला. या काळात मला जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती घडली त्या क्रमाने लिहून ठेवते आहे. अशी खोली सांभाळणारी माणसं बहुधा एकटीच असतात, आणि दारात रांग लागलेली असताना शांतपणे विचार करणं फार कठीण जातं.

सोमवारी, ३ तारखेला, सकाळच्या तुकडीने लॉगिन करायला सुरुवात केली आणि सगळीकडून एकच तक्रार आली: पासवर्ड चुकीचा आहे असं दाखवतंय. नेमके पासवर्ड टाकूनही तेच. संस्थेतल्या काही जणांचं मत पडलं की पासवर्ड नव्या सर्व्हरवर आलेच नसतील, तेव्हा सगळ्यांना नवे द्या. मी ते थांबवलं. शेकडो लोकांचे पासवर्ड बदलणं हे मागे न घेता येणारं काम आहे, आणि दोष तिथे नसेल तर गोंधळ दुप्पट होतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान एक दिवस तरी पासवर्डला हात लावू नका.

इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. डेस्कवरच्या साध्या संगणकात लॉगिनचा पडदा आणि खातं एकाच डब्यात असतं. आमच्याकडे पडदा क्लायंटचा, म्हणजे खोलीतल्या यंत्राचा, आणि खातं सर्व्हरवर. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकून एंटर दाबलं की क्लायंट त्या नावाने सर्व्हरशी एसएसएच जोडणी (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे दुरून शिरायची वाट) करून बघतो. सर्व्हरने आत घेतलं तर पासवर्ड बरोबर, आणि त्याच वाटेने, एसएसएचएफएस वापरून, तुमचं होम फोल्डर, म्हणजे तुमच्या फाइलींचं फोल्डर, क्लायंटवर जोडलं जातं. मग डेस्कटॉप सुरू होतो. या साखळीतली कुठलीही कडी निसटली तरी पडद्यावर बहुतेक वेळा तेच वाक्य येतं, पासवर्ड चुकीचा. त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं.

मग एक वही केली. कोणतं यंत्र, कोणाचं खातं, किती वाजता, आणि पडद्यावर नेमकं काय दिसलं. "होत नाही" असं कोणी म्हणालं की मी शेजारी उभी राहून पुन्हा करून दाखवायला सांगायची. काहींना लगेच नकार येत होता, काहींचा पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा लॉगिनवर परतत होता, काही जण एका यंत्रावर अडत होते आणि दुसऱ्यावरही. या नोंदी नसत्या तर पुढे पाच वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतलेत हे कळायला फार उशीर झाला असता.

दुसरं काम सर्व्हरवर. ऑथ डॉट लॉग ही लॉगिनच्या प्रयत्नांच्या नोंदींची फाइल टेल आज्ञेने सतत वाहती ठेवली, म्हणजे नवी ओळ लगेच दिसेल, आणि सहकाऱ्याला क्लायंटवर एंटर दाबायला सांगितलं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी कृती हीच. एंटर दाबल्यावर सर्व्हरच्या नोंदीत ओळ उमटली तर प्रयत्न सर्व्हरपर्यंत पोचला, आणि दोष त्यापुढे आहे. ओळच उमटली नाही तर तो वाटेत कुठेतरी अडला किंवा क्लायंटवरूनच निघाला नाही. दोन माणसं आणि एक फोन लागतो, बाकी काही नाही.

आमच्याकडे ओळ उमटत होती. जोडणी येत होती आणि पासवर्डची कुठलीही तपासणी न होता तुटत होती. तेव्हा मी दुसऱ्या एका स्वतंत्र संगणकावरून त्याच खात्याने साधं एसएसएच करून पाहिलं. उत्तर आलं, परवानगी नाकारली, आणि पुढे कंसात फक्त पब्लिककी. म्हणजे सर्व्हर म्हणत होता की मी फक्त किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) मानतो, पासवर्ड विचारणारच नाही. पासवर्ड चुकीचा नव्हताच. तो कोणी बघितलाही नव्हता.

एसएसएच सेवेच्या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये, एसएसएचडी कॉन्फिगमध्ये, पासवर्ड ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डने ओळख पटवणं, चालू आहे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. इथे बराच वेळ गेला. शेवटी एसएसएचडी ही आज्ञा मोठ्या टी या पर्यायासह चालवली. ती फाइलमध्ये काय लिहिलंय ते न सांगता प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापते. तिथे पासवर्ड ऑथेंटिकेशन बंद होतं. कारण असं: डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींमध्ये या फाइलच्या अगदी वरच्या बाजूला एक इन्क्लूड ओळ असते, ती शेजारच्या फोल्डरमधल्या छोट्या फाइली आधी वाचून घेते. आणि ओपनएसएसएच, म्हणजे ही एसएसएच सेवा पुरवणारं सॉफ्टवेअर, याचा नियम आहे की एखादं सेटिंग पहिल्यांदा जे वाचलं जाईल ते खरं, नंतरचं दुर्लक्षित. त्या फोल्डरमध्ये ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल होती, नवी प्रणाली बसवताना आपोआप तयार झालेली, आणि तिच्यात पासवर्ड बंद असं एकच वाक्य होतं. खालची मुख्य फाइल कितीही वेळा बदलली असती तरी काही फरक पडला नसता.

दुरुस्ती एका ओळीची, पण परवानगी एका ओळीची नव्हती. आमच्याकडे सर्व्हरवरचा कुठलाही बदल सुरक्षा विभागाकडे लेखी मांडावा लागतो. ५ तारखेला अर्ज दिला. पहिला अर्ज परत आला: पासवर्डने एसएसएच उघडं ठेवणं धोरणात बसत नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं, बाहेरून पासवर्ड आजमावत बसणाऱ्यांना तेच हवं असतं. मग मी मॅच अ‍ॅड्रेस, म्हणजे ठरावीक पत्त्यांपुरतं सेटिंग लावायची सोय, वापरून नवा प्रस्ताव केला. सगळ्या जगासाठी पासवर्ड बंदच राहील, फक्त संगणक खोलीच्या पत्त्यांच्या पट्ट्यातून आलेल्या जोडणीला तो चालेल. वेगळी छोटी फाइल, आधीच्या फाइलला हात न लावता. अर्जासोबत एसएसएचडीच्या त्याच तपासणीचे दोन निकाल जोडले: मोठ्या सी या पर्यायाने पत्ता देता येतो, त्यामुळे खोलीतल्या पत्त्याला काय लागू होईल आणि बाहेरच्या पत्त्याला काय, हे दोन्ही कागदावर दाखवता आलं. अर्ज करणाऱ्यांना माझी हीच सूचना आहे. सुरक्षा विभागाला "उघडा" म्हणण्यापेक्षा "एवढंच आणि इथूनच" असं दाखवलं की चर्चा लवकर संपते.

मंजुरी सोमवारी, १० तारखेला आली. मधला पूर्ण आठवडा खोली बंद होती, दारावर सूचना होती, आणि सरावाचे तास रद्द झाले. या प्रकरणाचा खरा खर्च तो. मंजुरी येताच फाइल ठेवली, छोट्या टी या पर्यायाने तिच्यातल्या चुका तपासल्या, आणि मग सेवेला सेटिंग पुन्हा वाचायला लावलं (रीलोड). तपासणी आधी करणं महत्त्वाचं, कारण चुकीच्या फाइलमुळे एसएसएच सेवाच उठली नाही तर सर्व्हरवर दुरून जायची वाट स्वतःलाच बंद होते.

त्या दुपारी काही जण आत गेले, आणि खोलीत जो सुटकेचा आवाज झाला तो मला अजून आठवतो. पण सगळे गेले नाहीत. आता वहीतल्या नोंदी कामाला आल्या.

नव्याने भरती झालेल्या एका गटाला क्लायंट ओळखतच नव्हता. त्यांची खाती सर्व्हरवर होती, साधं एसएसएच करून ते आतही जात होते. नव्या एलटीएसपीत वापरकर्त्यांची यादी आणि सर्व्हरच्या सार्वजनिक एसएसएच किल्ल्या एका छोट्या फाइलमध्ये बांधून क्लायंटला सुरू होतानाच दिल्या जातात. ती फाइल एलटीएसपी इनिटआरडी या आज्ञेने तयार होते. यादी बांधल्यानंतर तयार केलेलं खातं क्लायंटला माहीतच नसतं. आज्ञा पुन्हा चालवायची आणि क्लायंट बंद करून पुन्हा सुरू करायचे, इतकंच. बऱ्याच जणांचा समज असतो की त्यासाठी संपूर्ण इमेज नव्याने बनवावी लागते. तसं नाही. इमेज बनवणं हे वेळखाऊ काम आहे आणि ते नवं सॉफ्टवेअर किंवा अद्यतनं क्लायंटवर पोचवायची असतील तेव्हाच करायचं. नवं खातं, एलटीएसपी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधला बदल, सर्व्हरच्या एसएसएच किल्ल्या बदलणं, या तिन्हींना इनिटआरडी पुरतं आणि ते काही क्षणांत होतं. नुसता पासवर्ड बदलला असेल तर तेही नको, कारण पासवर्ड दर वेळी सर्व्हरवरच तपासला जातो.

याच गटात आणखी एक अडचण दडलेली होती. क्लायंटने त्यांना ओळखल्यावरही ते अडले. नियमाप्रमाणे त्यांच्या खात्यांना "पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला" अशी अट लावलेली होती. ती अट पाळायची तर कोणीतरी जुना आणि नवा पासवर्ड विचारायला हवा, आणि पडद्यामागे होणाऱ्या त्या एसएसएच जोडणीत विचारायला टर्मिनलच (प्रश्न दाखवून उत्तर टाइप करून घेणारी खिडकी) नसतं. सर्व्हरच्या बाजूने नकाराचं कारण तेच होतं, पासवर्ड बदलणं आवश्यक पण टर्मिनल उपलब्ध नाही. आम्ही एका वेगळ्या संगणकावर साधी एसएसएच खिडकी उघडून ठेवली. नव्या माणसाने आधी तिथे येऊन पासवर्ड बदलायचा, मग आपल्या जागी जायचं. ज्यांच्याकडे पासवर्डला ठरावीक मुदत आहे त्यांनाही हा प्रकार कधीतरी भेटणारच, तेव्हा चेज या आज्ञेने खात्याची मुदत बघायची सवय ठेवा.

दुसऱ्या एका गटाने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं. हे जुने लोक. पासवर्ड मान्य होत होता, नोंदीत तशी ओळ येत होती, पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा लॉगिन. विचित्र गोष्ट ही की हजेरीच्या यादीतले सुरुवातीचे काही जण बिनदिक्कत आत जात होते. एका ठरावीक नावापासून पुढचे सगळे अडत होते.

त्यांच्यातल्या एकाला मी साध्या एसएसएचने आत जायला सांगितलं. तो आत गेला, पण आधी एक ओळ छापून आली: होम फोल्डरमध्ये जाता आलं नाही, परवानगी नाही. स्वतःच्याच होममध्ये. मग सर्व्हरवर होमची यादी एलएस आज्ञेने, नावांऐवजी आकडे दाखवणाऱ्या एन पर्यायासह काढली, आणि शेजारी पासवर्ड फाइलमधले (खात्यांची नावं आणि क्रमांक ठेवणारी फाइल) वापरकर्ता क्रमांक लिहिले. उलगडा तिथेच झाला. लिनक्स फाइलीची मालकी नावाने ठेवत नाही, क्रमांकाने ठेवते. जुन्या सर्व्हरची होमची डिस्क काढून तशीच नव्या सर्व्हरला जोडली होती, त्यामुळे फाइलींवर जुने क्रमांक. खाती मात्र नव्या सर्व्हरवर यादीवरून पुन्हा तयार केली गेली, आणि त्या यादीत संस्था सोडून गेलेल्यांची नावं नव्हती. पहिली गाळलेली जागा आली तिथून पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले, दुसऱ्या जागेनंतर दोनाने. पाटी एकाची आणि घर दुसऱ्याच्या नावावर, अशी गत. डेस्कटॉपला स्वतःच्या फोल्डरमध्ये काहीच लिहिता येत नव्हतं, म्हणून तो सुरू होताच कोसळत होता.

यात लॉगिनपेक्षा मोठी गोष्ट होती. क्रमांकाने एकाचं होम दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं, म्हणजे त्या दुसऱ्याने ठरवलं असतं तर ते उघडून वाचता आलं असतं. हे लक्षात येताच मी वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवलं आणि दुरुस्ती होईपर्यंत खोली पुन्हा बंद ठेवायला सांगितली. लोकांचा रोष सहन करावा लागला, पण दुसरा पर्याय मला योग्य वाटला नाही.

दुरुस्ती शनिवारी, १५ तारखेला केली, कोणीही आत नसताना आणि आधी होमची पूर्ण प्रत काढून. इथे एक धोका आहे तो नीट सांगते. जुना क्रमांक शोधून त्याजागी नवा घालत जायचं, असा सोपा दिसणारा मार्ग घेऊ नका. क्रमांक एकमेकांवर चढलेले असतात. एकाला दिलेला नवा क्रमांक हा दुसऱ्याचा जुना असतो, आणि पुढच्या फेरीत तीच फाइल पुन्हा बदलली जाते. आम्ही प्रत्येक होम फोल्डरचं नाव घेतलं आणि त्या नावाच्या वापरकर्त्याला ते फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसह चाउन या मालकी बदलणाऱ्या आज्ञेने दिलं. नाव कायम असतं, त्यामुळे गल्लत होत नाही. सामायिक फोल्डरमधल्या फाइली मात्र हाताने बघाव्या लागल्या, कारण तिथे फोल्डरच्या नावावरून मालक कळत नाही. तेच काम सर्वांत रेंगाळलं. जुन्या सर्व्हरची पासवर्ड फाइल जपून ठेवलेली होती म्हणून जुन्या क्रमांकामागचं नाव सापडलं. सर्व्हर बदलणार असाल तर ती फाइल आणि गटांची फाइल वेगळी काढून ठेवा, आणि जमलं तर खाती जुन्याच क्रमांकांनी तयार करा.

या शोधाशोधीत एक अडथळा सतत येत राहिला, त्याबद्दल थोडं. एलटीएसपी १९९९ पासून आहे आणि २०१९ मध्ये ते मुळापासून नव्याने लिहिलं गेलं. जुन्या पाचव्या आवृत्तीत एलडीएम नावाचा वेगळा लॉगिन पडदा होता, कार्यक्रम बहुधा सर्व्हरवर चालायचे, आणि सर्व्हरची किल्ली बदलली की "या यंत्राला सर्व्हरशी जोडायची परवानगी नाही" असा संदेश यायचा. त्यावर उपाय म्हणून एलटीएसपी-अपडेट-एसएसएचकीज चालवून इमेज पुन्हा बांधायची. आजही शोध घेतला की बरेचसे उपाय त्याच काळातले सापडतात. नव्या आवृत्तीत त्या आज्ञाच नाहीत, कार्यक्रमही बहुधा क्लायंटवरच चालतात. एखाद्या उत्तरात एलडीएम किंवा एलटीएस डॉट कॉन्फ (जुन्या आवृत्तीची सेटिंगची फाइल) दिसलं की ते जुन्या आवृत्तीसाठी आहे असं समजून पुढे जा. जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांना मात्र तेच उपाय लागू पडतील.

सोमवारी, १७ तारखेला खोली पुन्हा उघडली. एकेकटे आले ते सगळे आत गेले. पण तास सुरू होताना पूर्ण तुकडी एकदम बसली तेव्हा मधूनच काहींना नकार आला, आणि त्यांनीच थोड्या वेळाने पुन्हा केलं की जमलं. नावात, यंत्रात, जागेत कुठलाही नियम दिसेना. सर्व्हरच्या नोंदीत मॅक्सस्टार्टअप्सचा उल्लेख असलेल्या ओळी होत्या. एसएसएच सेवेत हे सेटिंग मुळात १०:३०:१०० असं असतं. ओळख पटायची बाकी असलेल्या जोडण्या एका वेळी १० झाल्या की नव्या जोडण्यांपैकी ३० टक्के यादृच्छिकपणे नाकारल्या जातात, हे प्रमाण वाढत जातं आणि १०० ला सगळ्याच नाकारल्या जातात. इंटरनेटवर उघड्या सर्व्हरसाठी हे चांगलं आहे, पण घंटा झाल्यावर एकाच वेळी एंटर दाबणाऱ्या वर्गासाठी नाही. पहिला आकडा खोलीतल्या यंत्रांच्या संख्येपेक्षा मोठा केला, पुन्हा अर्ज, या वेळी मंजुरी दुसऱ्याच दिवशी.

त्या आठवड्यात अजून एका यंत्राची तक्रार आली की त्यावर कोणाचंच लॉगिन होत नाही. सर्व्हरच्या नोंदीत त्या यंत्राची ओळच उमटत नव्हती, म्हणजे प्रयत्न वाटेतच अडत होता. नव्या सर्व्हरवर फेल२बॅन, म्हणजे वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना अडवणारं सॉफ्टवेअर, बसवलेलं होतं. मूळ सेटिंगप्रमाणे १० मिनिटांत ५ चुका झाल्या की ते तो पत्ता १० मिनिटांसाठी बंद करतं. एका मुलाने घाईत पासवर्ड चुकवला आणि त्याच्यानंतर बसलेल्या माणसांना शिक्षा झाली, कारण बंदी खात्यावर नसते, यंत्राच्या पत्त्यावर असते. खोलीच्या पत्त्यांचा पट्टा त्याच्या दुर्लक्ष-यादीत टाकला. सुरक्षा विभागाने त्याबदली खात्यांवर मर्यादा ठेवायची अट घातली, ती मान्य केली.

उरलेली एक-दोन प्रकरणं साधी होती. दोन यंत्रांवर लॉगिनच्या पडद्याचा कीबोर्ड लेआउट वेगळा लागला होता, त्यामुळे चिन्हं असलेले पासवर्ड बिघडत होते. मागे कोणी नसताना पासवर्डमधली चिन्हं नावाच्या चौकटीत टाइप करून बघा, लगेच दिसतं, मग पुसून टाका. एका यंत्राची बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. आमच्या लॉगिनला त्याचा त्रास नव्हता, ब्राउझर मात्र प्रमाणपत्रांवरून तक्रार करायचा. जिथे कर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने लॉगिन होतं तिथे सहसा पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तरी नकार येतो, तेव्हा अशा ठिकाणी घड्याळ आधी बघा.

सोमवारी, २४ तारखेला मी लेखी अहवाल दिला आणि एक मागणी जोडली. नवी खाती कार्यालयातल्या मॅडम तयार करतात, आणि इनिटआरडी चालवायचा अधिकार मात्र फक्त माझ्याकडे होता. मी रजेवर असले की नवे लोक क्लायंटपुढे ताटकळत बसणार हे उघड होतं. आता सुडोच्या, म्हणजे प्रशासकाचे अधिकार वाटून देणाऱ्या सोयीच्या, नियमात त्यांना तेवढी एकच आज्ञा चालवायची परवानगी मिळाली आहे. खातं तयार करणं, आज्ञा चालवणं आणि पासवर्ड बदलायच्या खिडकीपाशी माणसाला पाठवणं, ही तिन्ही कामं मॅडम एकाच बैठकीत करतात. यापुढच्या तुकडीची खाती त्यांनी परवाच तयार केली, आणि चाचणीसाठी त्यातल्या एका खात्याने लॉगिन करून मला फोन केला की झालं.